उलटा घातलेला हेडफोन: तपकीर गल्ली ते विश्रांतवाडी, तीन दिवस

वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाला अंदाज बांधावे लागणार नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, पुण्यातील एका संस्थेच्या संग्रहासाठी मी स्त्रियांची मौखिक गाणी ध्वनिमुद्रित करते. स्टुडिओत नव्हे, त्यांच्या घरी जाऊन. ध्वनिशास्त्र हा माझा डॉक्टरेटचा विषय, आणि महाविद्यालयात तो मी बावीस वर्षे शिकवला. दुसरी गोष्ट, अकरा वर्षे वापरलेल्या माझ्या हेडफोनची उजवी बाजू यंदा हिवाळ्यापासून मंद वाटू लागली होती. आवाज येत होता, पण त्याची धार गेली होती. स आणि श हे वर्ण कापडाआडून आल्यासारखे येत. तिसरी, त्यामुळे मी तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, नवा हेडफोन घेतला. त्याचीही उजवी बाजू मंद निघाली, आणि तो बदलून आणलेल्या दुसऱ्याचीही. चौथी, विश्रांतवाडीच्या सुलोचनाबाई रामटेके यांच्या गळ्यावर मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली होती. गाठ थायरॉइडची. आवाज बदलू शकतो, कदाचित कायमचा, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. त्यांच्या आईने रचलेली सतरा गाणी त्यांना पाठ आहेत. ती कोठेही लिहिलेली नाहीत आणि दुसऱ्या कोणालाही येत नाहीत. पाचवी आणि शेवटची, सोमवारी त्यांना रुग्णालयात दाखल व्हायचे होते, आणि घरच्यांनी मुद्रणासाठी रविवारच दिला होता. म्हणजे माझ्या हातात फक्त रविवार होता.

शुक्रवारी सकाळी मी कोथरूडहून निघाले. पुण्यातल्या पुण्यात केलेल्या फिरण्याला प्रवासवर्णन म्हणावे का, अशी शंका काही वाचकांना येईल. ज्यांनी संध्याकाळी सहा वाजता वाकडचा पूल ओलांडला आहे त्यांना ती येणार नाही.

शुक्रवार: तपकीर गल्ली आणि हिंजवडी

तपकीर गल्लीत स्वतःचे वाहन नेऊ नये. मी स्कूटर मंडईच्या वाहनतळावर लावली आणि चालत गेले. अकराच्या आधी पोहोचल्यास दुकानदाराला बोलायला वेळ असतो. बारानंतर त्याला फक्त हात असतात. गल्लीच्या तोंडाशी अमृततुल्य आहे. चहा अपेक्षेपेक्षा बरा, वेलदोडा जरा जास्त.

नवख्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. बाहेर जाऊन ध्वनिमुद्रण करायचे असेल तर गाणी ऐकण्याचा हेडफोन घेऊ नका. तो सगळे गोड करून सांगतो, आणि आपल्याला गोड नको, खरे हवे असते. कान पूर्ण झाकणारा आणि मागून बंद असलेला घ्या. मागून जाळी असलेल्या हेडफोनचा नाद मोकळा आणि सुंदर असतो, पण तो बाहेर झिरपतो आणि समोरचा मायक्रोफोन ते झिरपलेलेही टिपतो. वायर निघणारी असावी. बिजागरी करकरू नये. डोके हलवल्यावर तुमचाच हेडफोन तुमच्या मुद्रणात बोलू लागला तर दोष कोणाला देणार? चष्मा असेल तर तो घालूनच अर्धा तास बसून पाहा. यातल्या कोणत्याही गोष्टीची माहिती खोक्यावर छापलेली नसते.

हे सारे मी पाहिले होते आणि तरीही उजवी बाजू मंद होती. दुकानदार साठीचा असावा. काउंटरवर कोपर टेकून त्याने माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. हे मान्य केले पाहिजे, कारण पुण्यात ते गृहीत धरता येत नाही.

"हा दुसरा बदलून नेताय ना तुम्ही?"

"हो. पहिल्याचाही दोष हाच होता."

त्याने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला, मोबाइलवर काहीतरी वाजवले आणि काढून खाली ठेवला. "उत्तम आहे."

"तुम्हाला फरक कळत नसेल."

"असेल. पण बाई, दोष हेडफोनात असेल तर मी दहा वेळा बदलून देईन. कानाला वॉरंटी नाही."

मला ते उद्धट वाटले. तसे मी त्याला सांगितलेही. त्याने तिसरा हेडफोन खोक्यातून काढून समोर ठेवला आणि म्हणाला, "हा घ्या. हाही तसाच निघणार, पण तुमच्या समाधानासाठी." मी तो घेतला आणि बिलावर बदलीची नोंद करायला लावली.

तेथून हिंजवडी. चांदणी चौक, महामार्ग, वाकड, आणि मग मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या, कंपन्यांच्या बसगाड्या. दुपारी निघालात तर तासाभरात पोहोचता; संध्याकाळी निघालात तर पोहोचल्यावर आपण कशासाठी आलो हे आठवावे लागते. माझे काम हर्षाकडे होते. हर्षा ही सुलोचनाबाईंची सून आणि माझी जुनी विद्यार्थिनी; आता एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सासूबाईंच्या गाण्यांबद्दल मला तिनेच कळवले होते. संमतिपत्र घरातल्या साक्षीदाराच्या सहीसह मुद्रणाच्या आधी संस्थेत पोहोचावे लागते, आणि तिला सुट्टी रविवारशिवाय नव्हती, म्हणून मी तिच्याकडे गेले.

कंपनीच्या फाटकाबाहेर पोह्यांची गाडी आहे. पोहे गार होते, वर शेव होती. शेवेमागे काय काय लपवता येते याचा तो नमुना होता. हर्षाने सही केली, मग पिशवीतून स्वतःचा हेडफोन काढला.

"मॅम, रविवारी हा वापरा ना. नॉइज कॅन्सलिंग आहे. ऑफिसमध्ये मागे कितीही कलकल असली तरी काही ऐकू येत नाही."

"म्हणूनच तो निरुपयोगी आहे," मी म्हणाले. "तुमच्या घरात फ्रिजची घरघर असेल तर हा ती मला ऐकू देणार नाही. मायक्रोफोन मात्र ऐकेल. घरी येऊन कळेल तोवर मंगळवार उजाडलेला असेल."

"ओके, सॉरी. मला वाटलं भारी आहे."

"भारी आहे. आपल्या कामाचा नाही."

मग मी तिला माझा नवा हेडफोन ऐकायला दिला आणि उजवी बाजू कशी वाटते ते विचारले. तिने डोळे मिटून ऐकले. "मॅम, मला दोन्ही सेम वाटतंय." मी विषय बदलला. रस्त्यावर हॉर्न चालू होते, तिला शिक्षण सोडून दहा वर्षे झाली होती. तिच्या निवाड्याला मी किंमत दिली नाही.

शनिवार: खडकवासला

हेडफोनची परीक्षा दुकानात करू नये, पाण्याजवळ करावी. धरणातून कालव्यात पाणी सोडलेले असते तेव्हा तेथे जो अखंड 'श्श' असा आवाज होतो, त्यात खालपासून वरपर्यंतचे सर्व स्वर जवळपास सारख्या प्रमाणात असतात. एखाद्या हेडफोनमध्ये कुठे खड्डा असेल तर तो तेथे उघडा पडतो. तलावावरचा वाराही उपयोगी आहे. बंद हेडफोन बाहेरचे किती अडवतो ते कळते.

सिंहगड रस्त्याने सकाळी सातला निघाले. आठनंतर निघू नये. शनिवार-रविवारी साऱ्या पुण्याला एकाच वेळी निसर्गाची आठवण होते आणि ती किरकटवाडीच्या चौकात अडकून पडते. धरणाच्या भिंतीकडे न जाता मी कालव्याच्या बाजूला, जेथवर जाऊ देतात तेथवर गेले. रेकॉर्डर, दोन मायक्रोफोन, वाऱ्यासाठी त्यांवर केसाळ टोप्या, जुना हेडफोन आणि नवा हेडफोन.

दोन तास मी शास्त्राप्रमाणे काम केले. नव्या हेडफोनमध्ये उजवीकडे पाण्याची धार बोथट होती. जुन्यातही तसेच. मग मी मायक्रोफोनांची अदलाबदल केली: उजवीकडे मंद. वायरींची अदलाबदल केली: उजवीकडे मंद. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या वयांचे हेडफोन एकच दोष दाखवत असतील तर दोष दोघांत नाही, त्यांच्या मागे आहे. माझा निष्कर्ष असा झाला की रेकॉर्डरची उजवी बाजूच निकामी होत आली आहे.

हा निष्कर्ष मी वहीत लिहिला आणि खाली तारीख घातली.

भज्यांच्या टपरीवर बसले असताना टपरीवाल्या बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्यांनी झारा बाजूला ठेवला.

"मॅडम, काय ऐकत व्हता एवढं?"

"पाणी."

"पानी तर असंच ऐकू येतंय की. मग त्ये डोक्याला कशापायी अडकवलंय?"

शेजारच्या बाकावर एक तरुण जोडपे होते. तरुण हलक्या आवाजात म्हणाला, "सर्वे असेल, मेट्रोचा." मुलगी म्हणाली, "धरणात कुठली मेट्रो? गप खा."

भजी उत्तम होती, चटणी टाळावी. भाजलेले कणीस मिळते, पण लिंबू वेगळे मागावे लागते. परत येताना वडगावजवळ पंचेचाळीस मिनिटे गेली. या वेळेचा उपयोग करून मी सर्व परिचितांना फोन करून रेकॉर्डर मागून पाहिला. कोणाकडेही रविवारसाठी मिळाला नाही.

रविवार: विश्रांतवाडी

सामान जास्त असल्यामुळे रिक्षा केली. कोथरूडहून डेक्कन, संगम पूल, येरवडा आणि तेथून आळंदी रस्ता. रविवारी सकाळी पाऊण तास पुरतो. रिक्षावाल्याने मीटर टाकला, त्याबद्दल त्याचे आभार मानले. त्याला तो टोमणा वाटला.

रामटेके यांचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांचे कपाट. रामटेके काका खडकीच्या एका कारखान्यात घणाच्या विभागात चौतीस वर्षे होते. दोन्ही कान त्या घणाने घेतले. आता एका कानात श्रवणयंत्र असते; दुसऱ्याला त्याचाही उपयोग नाही. सुलोचनाबाई भंडाऱ्याकडच्या. पुण्यात येऊन पन्नास वर्षे झाली तरी बोलणे तिकडचेच.

मी नेहमीच्या क्रमाने खोली तयार केली. पंखा बंद, खिडकीला गोधडी, घड्याळ दुसऱ्या खोलीत. फ्रिज बंद केला आणि माझ्या घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

"अवो मॅडम," सुलोचनाबाई म्हणाल्या, "किल्ल्या गार करून काय करता जी?"

"घरी जाताना किल्ल्या लागणारच. त्या घ्यायला दार उघडले की फ्रिज चालू करायचे आठवते. नाहीतर तुमचे दूध नासेल."

"अस्सं. मग तुमचे यजमान तुम्हाले रोज अशेच फ्रिजमधी शोधत असतीन."

हर्षा हसली. मी मायक्रोफोन लावले, सुलोचनाबाईंपासून दोन हातांवर, एक डावा, एक उजवा. काका त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, उजव्या मायक्रोफोनच्या मागे थोड्या अंतरावर बसले. चाचणीसाठी एक कडवे गायला सांगितले. त्या गायल्या:

*पाटी आली गं दारी, पाटीवर माझं नाव,*
*पुसू नको गं बाई, धुळीनं भरलं गाव.*

आवाज रुंद होता, वर जाताना कडा न सोडणारा. उजवीकडे मात्र तो पुन्हा कापडाआड गेला. मी दोनदा तपासले आणि हेडफोन काढला.

"आज मुद्रण होऊ शकणार नाही. रेकॉर्डरची उजवी बाजू बिघडली आहे. मी सदोष मुद्रण करत नाही."

हर्षा उभी राहिली. "मॅम, उद्या त्यांना ॲडमिट करायचंय."

"मला ठाऊक आहे."

"मग मोबाइलवर करू या ना!"

"ते तुम्ही करू शकता. संग्रह ते घेणार नाही."

 पदर सावरून सुलोचनाबाई बसूनच राहिल्या, गाडी चुकलेला माणूस फलाटावर बसून राहतो तशा. काकांना आमचे बोलणे अर्धेच पोहोचले असावे. त्यांनी सुनेकडून समजून घेतले आणि मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज, ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा, खोलीच्या मानाने मोठा.

"मॅडम, तो हेडफोन उलटा घालून बघितला का?"

"उलटा म्हणजे?"

"डावा उजव्या कानाला. उजवा डाव्याला."

"तसा घालत नाहीत, काका. त्यावर खुणा असतात."

"असतात. कारखान्यात वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. तिसऱ्या वर्षी मी सिस्टरला म्हणालो, तुमच्या मशीनचा डावा भोंगा गेलाय, दुरुस्त करा. लई भांडलो. तिनं हेडफोन उलटा करून माझ्या डोक्यावर ठेवला." त्यांनी डाव्या कानाला बोट लावले. "भोंगा चांगला होता."

येथे एक कबुली आवश्यक आहे. संशयित भागांची अदलाबदल करून दोष कोणाबरोबर सरकतो ते पाहणे हा धडा मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला पहिल्या महिन्यात देत असे. मी मायक्रोफोन बदलले होते, वायरी बदलल्या होत्या. हेडफोन मात्र बावीस वर्षांत एकदाही उलटा घातला नव्हता. डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे हे माझ्या लेखी कामाच्या शिष्टाचारात मोडते. विद्यार्थ्यांनी उलटा घातला की मी तो वर्गात काढायला लावत असे.

मी उलटा घातला. हर्षाने सासूबाईंना तेच कडवे पुन्हा म्हणायला सांगितले.

मंदपणा सरकला नाही. तो होता तेथेच, माझ्या उजव्या कानात, राहिला. आणि डाव्या कानात, जिथे आता उजवा मायक्रोफोन ऐकू येत होता, तिथे सुलोचनाबाईंच्या आवाजामागे एक बारीक, सलग शीळ होती. ती मी तोवर ऐकलीच नव्हती.

मी हेडफोन हर्षाला दिला. तिने सरळ घातला, मग उलटा.

"शिट्टी येतेय. सरळ घातला की उजवीकडे, उलटा केला की डावीकडे. बाकी सगळं सेम." मग तिने सासऱ्यांकडे पाहिले. "ही बाबांच्या मशीनची आहे, मॅम. ती कायमच येते. आम्हाला आता जाणवतसुद्धा नाही."

श्रवणयंत्र कानात नीट न बसल्यास त्याचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि ते शीळ घालते. ज्याच्या कानात ते असते त्याला ती ऐकू येत नाही. त्या खोलीत ती ऐकू न येणारे आम्ही दोघे होतो.

काकांनी श्रवणयंत्र काढले, डबीत ठेवले आणि डबी खिशात घातली. "आता करा," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंनी मान हलवली. "मी नाही गात."

"का?" हर्षाने विचारले.

"काहून गाऊ? मंगळवारी गळा कापतीन. मंगा कोणता आवाज निघन कोणाले माहीत. ह्या आवाजानं शेवटचं म्हणतो आन् हे माणूस समोर बसून भिंतीवानी पाहत राहीन? मशीनमधी भरून ठेवाले मी गात नाही. लावा तुमचं कानात."

काकांना यातले काही ऐकू आले नाही. ते संयमाने एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते.

श्रवणयंत्र लावले तर शीळ येते. काढले तर गाणे होत नाही.  मी नवा हेडफोन, तपकीर गल्लीचा, उचलला. चार गोष्टींसाठी मी तो निवडला होता आणि एका नसलेल्या दोषासाठी नापास केला होता. मागून बंद. कान पूर्ण झाकणारा. आवाज मोठा केला तरी बाहेर फारच थोडा झिरपणारा. वायर निघणारी, म्हणजे तिच्या जागी लांब वायर जोडता येणारी. बहिऱ्या माणसाला लागेल इतका आवाज देऊनही मायक्रोफोनला न कळणारा हेडफोन माझ्याकडे तोच होता.

एका रेकॉर्डरला दोन हेडफोन लावून प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येणारा जोड माझ्या पिशवीत असतो, तुमच्याही असावा. त्याच्या एका तोंडाला नवा हेडफोन लावून तो काकांना घातला, सरळ. त्यांची खुर्ची मायक्रोफोनांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात सरकवली. तेथून त्यांना बायको दिसत होती आणि तिला ते. दुसऱ्या तोंडाला लावलेला जुना हेडफोन हर्षाला दिला आणि तिने काय ऐकायचे ते एका कागदावर लिहून दिले: खालची घरघर, वरची शीळ, कपड्यांची सळसळ, तोंडातील चटचट. काही आले की हात वर.

मी डाव्या कानाने ऐकू शकले असते. पण एका कानाने ऐकलेले मुद्रण दुसऱ्या कोणी आणले असते तर मी परत पाठवले असते. माझ्या डोक्यावर काही नव्हते. आवाजाच्या पातळीचे काटे पाहत मी मुद्रण सुरू केले.

काकांसाठीचा आवाज मी हळूहळू वाढवला. एका जागी त्यांनी तळहात उचलला: बस. सुलोचनाबाईंनी पाहिले आणि सुरुवात केली.

सतरा गाण्यांना अडीच तास लागले. मध्ये हर्षाचा हात सहा वेळा वर गेला. चार वेळा तिचे बरोबर होते: खालच्या मजल्यावरचा कुकर, जिन्यातील चप्पल, पाण्याचा पंप, सुलोचनाबाईंच्या बांगड्या. बांगड्यांवर रुमाल बांधला. दोन वेळा तिला भास झाला. नवख्या कानाला होतो.

नवव्या गाण्याचे शेवटचे कडवे सुलोचनाबाई अगदी हळू, जवळजवळ श्वासावर म्हणतात. ते चालू असताना काका त्यांच्या मोठ्या आवाजात एकदम बोलले.

"हे कडवं नवीन घातलंस का?"

सुलोचनाबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मायक्रोफोनकडे, मग त्यांच्याकडे.

"नवीन कायचं? माझ्या मायचंच आहे. रोजच म्हणतो. तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं."

मायक्रोफोनमधून हेडफोनवर काकांना हे उत्तर नीट ऐकू आले. त्यांनी मान हलवली आणि हात मांडीवर ठेवले.

मी गाणे पुन्हा म्हणायला सांगितले. दुसरे मुद्रण निर्दोष आहे. पहिले पुसलेले नाही. ते वेगळ्या क्रमांकाने ठेवले आहे.

जेवायला सुलोचनाबाईंनी सांबारवडी केली होती; सांबार म्हणजे तिकडची कोथिंबीर. पुण्यातले लोक तिला पुडाची वडी म्हणतात आणि कोथिंबीर कमी घालतात. काकांनी हेडफोन जेवताना काढला, श्रवणयंत्र लावले, आणि शीळ सुरू झाली. आता मला ठाऊक असल्यामुळे मी डावा कान तिकडे केला. दहा हातांवरून ऐकू येते. निघताना फ्रिजमधून किल्ल्या घेतल्या आणि फ्रिज चालू केला. किल्ल्या खरोखर गार होत्या.

घरी परतल्यावर

बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. आलेख स्पष्ट आहे: उजव्या कानाची उंच स्वरांची बाजू उतरली आहे. वयाने होते, कधी एकाच कानात आधी होते, परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, रोजच्या बोलण्यात तुम्हाला काही जाणवणार नाही. मी त्यांना माझे काम काय ते सांगितले नाही.

गुरुवारी तपकीर गल्लीत जाऊन दुकानदाराला सांगितले की तिन्ही हेडफोन निर्दोष होते आणि मी त्याला उद्धट म्हणाले ते मागे घेते. तो म्हणाला, "बिलावर लिहून देऊ का?" मी होय म्हटले. त्याने खरेच लिहून दिले.

शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, सुलोचनाबाईंची प्रकृती चांगली आहे. फोनवर त्या बोलल्या. आवाज खालच्या पट्टीत गेला आहे आणि वर जाताना तुटतो. "बोलाले पुरते जी," त्या म्हणाल्या, "गाण्याचं आता तुमच्याकडं आहे." नवा हेडफोन मी काकांकडेच ठेवला आहे.

ज्यांना अशा कामासाठी हेडफोन निवडायचा आहे त्यांना वर लिहिलेल्या सर्व सूचना लागू आहेत. त्यांच्या आधी आणखी एक सूचना जोडा: विकत घेण्यापूर्वी तो एकदा उलटा घाला.

आता शेवटचा विषय. संस्थेच्या स्वीकारपत्रात सातवे कलम असे आहे: "मुद्रण चालू असताना मी ते हेडफोनवर, दोन्ही बाजूंनी, संपूर्ण ऐकले आहे." खाली मुद्रण करणाऱ्याची सही लागते. नियमावलीच्या समितीवर असताना हे कलम मीच लिहिले आणि त्याच्या आधारे दोन तरुण संशोधकांची मुद्रणे मीच परत पाठवली होती. रामटेके यांच्या मुद्रणाखाली ही सही मी करू शकत नाही. सहीशिवाय संस्था मुद्रण घेत नाही. हे मी संस्थेच्या व्यवस्थापकांना फोनवर सांगितले तेव्हा उत्तर आले, "अहो मॅडम, करून टाका सही. आपलंच कलम, आपलीच सही. कोण विचारतंय?"

मी विचारते आहे. म्हणून त्यांना आज पत्र पाठवले असून त्यातील मजकूर येथे देत आहे.

"सुलोचना रामटेके यांच्या सतरा गाण्यांचे मुद्रण सोबत पाठवत आहे. सातव्या कलमाखाली माझी सही नाही. त्या जागी सून हर्षा रामटेके यांची सही आहे. मुद्रण चालू असताना ते दोन्ही बाजूंनी त्यांनी ऐकले. त्याखाली पती रामटेके यांची सही आहे. त्यांनीही ते संपूर्ण ऐकले, आणि नवव्या गाण्याचे शेवटचे कडवे त्यांच्यापर्यंत प्रथमच पोहोचल्याची त्यांची तोंडी साक्ष पहिल्या मुद्रणात आहे. माझ्या उजव्या कानाचा आलेख जोडला आहे. हे मुद्रण आपण या सह्यांवर स्वीकारता की नाही, आणि परत पाठवलेल्या दोन मुद्रणांचा फेरविचार करता की नाही, हे कारणांसह कळवावे. पुन्हा मुद्रण करावे असे सुचवू नये. तो आवाज मंगळवारपासून उपलब्ध नाही. फोन करू नये. उत्तर लेखी द्यावे."